चौदाव्या प्रश्नाचं उत्तर

मला तुर्की भाषा येत नाही. हे आधीच सांगून टाकलेलं बरं, कारण ऑकलंडच्या आमच्या मराठी मंडळात कोणीतरी अशी हवा उठवली आहे की मृणाल गोडबोले निवृत्तीच्या आधी तुर्कीत काम करत होती. मला तुर्कीत तीनच गोष्टी म्हणता येतात. एक म्हणजे आभार. दुसरी, ‘पुरे, आता वाढू नका.’ आणि तिसरी, स्वयंपाक करणाऱ्या बाईला जेवून झाल्यावर म्हणतात ती, ‘तुमच्या हातांना आरोग्य लाभो.’ यातली दुसरी आजवर कोणी ऐकलेली नाही.

माझा धंदा प्रश्नावल्यांचा. पुण्यात संख्याशास्त्र शिकले, लग्न होऊन इथे आले आणि माउंट वेलिंग्टनमधल्या एका संशोधन कचेरीत चिकटले ती थेट निवृत्त होईपर्यंत. कचेरी मॉलच्या मागे. त्यामुळे माझ्या खिडकीतून सगळी वर्षं एक भलं मोठं पार्किंग दिसलं आणि त्याच्यावर आभाळ. पार्किंगबद्दल बोलण्यासारखं काही नाही. आभाळ मात्र इथलं रिकामटेकडं आहे. सकाळपासून चार-पाच वेळा कपडे बदलतं, आणि ते बघता बघता माझे कितीतरी तास पगारी निघाले.

लोकांना वाटतं प्रश्नावली दुसऱ्या भाषेत न्यायची म्हणजे भाषांतर करायचं. तेवढंच असतं तर मला कोणी ठेवलं नसतं. आधी दोन माणसं एकमेकांचं न बघता भाषांतर करतात. मग दोन्हींचं भांडण लावून एक मसुदा काढायचा. मग मूळ प्रश्नावली कधी न पाहिलेल्या तिसऱ्या माणसाकडून तो मसुदा उलट इंग्रजीत आणायचा आणि वाटेत काय सांडलं ते शोधायचं. माझ्यासारखीला ती भाषा यायची गरज नसते ती यामुळेच. पण खरी गंमत त्यानंतर. त्या भाषेची साधी माणसं गाठायची, शेजारी बसायचं आणि म्हणायचं, ‘प्रश्न वाचा, आणि डोक्यात येईल ते मोठ्यानं बोला.’ शेवटी दोन आठवड्यांनी त्याच माणसांना तीच प्रश्नावली पुन्हा द्यायची. उत्तरं तीच आली तर प्रश्नावली विश्वासार्ह.

या सगळ्यात एक नियम मी नव्या मुलामुलींना घोकून घ्यायला लावायची. विचारणाऱ्यानं स्वतःचं काही सांगायचं नाही. समोरचा रडला तर पाणी द्यायचं, मान हलवायची, पण ‘माझ्याकडेही असंच झालं’ हे वाक्य घरी ठेवून यायचं.

तर महामारी ओसरू लागली तेव्हा परदेशात तयार झालेली एक इंग्रजी प्रश्नावली आमच्याकडे आली. महामारीचा तुमच्या आयुष्यावर काय परिणाम झाला, हे मोजणारी. इथल्या वेगवेगळ्या भाषिकांसाठी ती घडवायची होती. तुर्की माझ्या वाट्याला आली, कारण वाटणीच्या दिवशी मी आभाळाकडे बघत होते. जोडीला सेलिन मिळाली. सेलिन मूळची तुर्कस्तानातल्या इझमीरची, इथे एका फार्मसीत औषधं देते. तिशीतली, चटपटीत, माझ्यासारख्या बाईला मुलाखतीत शेजारी बसवून घेण्याचा धीर असलेली. ती तुर्कीत बोलायची आणि मी ऐकत बसायची. न कळणारी भाषा तासन्‌तास ऐकणं हे एक वेगळंच सुख आहे. शब्द नुसते वाहत जातात, आणि अधूनमधून ‘दुनिया’, ‘किताब’, ‘साबण’ असं काही ओळखीचं तरंगत येतं. मग वाटतं, आपल्याला सगळं कळतंय. गुंगीच ती.

सहाव्या प्रश्नाला पहिली ठेच लागली. ‘महामारीमुळे तुम्ही हात निर्जंतुक करण्याची नवी सवय लावून घेतलीत का?’ जी ती बाई हसायची. तुर्की घरात पाहुणा आला की त्याच्या तळहातावर लिंबाच्या वासाचं कोलोन्या ओततात. ते भरपूर अल्कोहोलचं असतं. पिढ्यान्‌पिढ्या ओततात. एका आजींनी सेलिनला सांगितलं, ‘नवी सवय तुमच्या सरकारला लागली, आम्हाला नाही.’ मी ते जसंच्या तसं अहवालात घातलं. आमचा साहेब ग्रेग म्हणाला, ‘लव्हली, पण हे कुठल्या रकान्यात टाकू?’

मग ऑकलंडच्याच अवोन्डेल उपनगरातला न्हावी. तो खुर्चीत बसल्याशिवाय उत्तरं देईना. म्हणजे मी खुर्चीत बसायचं, त्यानं माझे केस कापायचे, आणि सेलिननं प्रश्न वाचायचे. कात्री थांबली की उत्तर थांबायचं. शून्य ते पाच या पट्टीवर त्यानं प्रत्येक दुःखाला तीन दिले. का, तर टोकाला जाणं असभ्य. पण लॉकडाऊन उठल्याचा दिवस त्यानं छान सांगितला. ‘सगळे पुरुष बायकांकडून केस कापून घेऊन बसलेले,’ तो म्हणाला, ‘त्या दिवशी अख्खं ऑकलंड वाकडं होतं.’ माझे केस त्यानं फार सुंदर कापले. ते मात्र अहवालात घालता आलं नाही.

बाकीच्यांचं उत्तर एकच, ‘शुकूर.’ देवाची कृपा. नोकरी गेली? शुकूर. झोप लागत नाही? शुकूर. सेलिन वैतागून म्हणाली, ‘मृणाल, दे आर ऑल लाइंग!’ मी म्हटलं, खोटं नाही बोलत गं, चारचौघांत दुखणं मांडायचं नाही अशी रीत असते. माझी आई ताप अंगात असताना दारात आलेल्याला ‘मजेत आहे’ म्हणायची आणि चहा टाकायला जायची.

आईचं इथे थोडं सांगायला हवं. ती त्याच काळात गेली, पुण्यात, माझ्या मोठ्या भावाकडे. इथल्या सकाळी शिरीषदादाचा फोन आला. ‘आई गेली गं. झोपेतच गेली. तिला काही कळलंसुद्धा नाही.’ सीमा बंद होत्या. जायचं म्हटलं तरी परत येताना क्वारंटाईन हॉटेलात जागा मिळेल तर मिळेल. मी म्हटलं, ‘हो रे.’ नियम कडक आहेत, अंत्यविधीचं फोनवर काही दाखवता येणार नाही, असंही तो म्हणाला. त्यालाही मी ‘हो रे’ म्हटलं. मग खिडकीत बसले. तेव्हा आमच्या रस्त्यावर फिरायला निघणाऱ्या मुलांना गंमत म्हणून लोक खिडक्यांत टेडी बेअर ठेवायचे. समोरच्या घरातलं अस्वल दिवसभर माझ्याकडे बघत राहिलं. रस्त्यावर एक गाडी नाही, झाडांवर तुई पक्षी ओरडतायत, ऊन इतकं लख्ख की खरं वाटू नये. पुण्यात तेव्हा अजून रात्रच असावी. मला पुढे कित्येक महिने वाटायचं की तिकडे अजून कालचाच दिवस चालू आहे, आणि काल तर आई होती.

चौदावा प्रश्न सगळ्यात सोपा होता. ‘या काळात तुमच्या जवळच्या कोणाचा मृत्यू झाला का? असल्यास कोणाचा?’ हो किंवा नाही. दोन्ही भाषांतरं जुळली, उलट भाषांतरात काही सांडलं नाही. मी त्याच्यापुढे हिरवी खूण करून मोकळी झाले.

अवोन्डेलमध्येच राहणारं एक जोडपं चाचणीसाठी मिळालं. नावं बदलून सांगते: केमाल बेय आणि नेझाहत हानम. आपण पुढे राव आणि बाई लावतो तसं हे बेय आणि हानम. त्यांनी तीस वर्षं ऑकलंडच्या बस चालवल्या, तिनं शाळेत स्वयंपाकघर सांभाळलं. महामारीच्या सुरुवातीलाच तिची बायपास झाली होती. दोघांचं इंग्रजी कामापुरतं, पण माझंही सुरुवातीला तसंच होतं, त्यामुळे आमचं जमलं. दारात चपला काढल्यावर पाहुण्यांच्या सपाता पुढे आल्या, तळहातावर कोलोन्या आलं, चहा आला. मला उगाचच सदाशिव पेठेत आल्यासारखं वाटलं, फक्त इथे आग्रह खरा होता.

केमाल बेय दिवाणखान्यात सेलिनबरोबर बसले, मी स्वयंपाकघरात नेझाहत हानमच्या सोबतीला. ओट्यावरून बाहेरची खोली दिसत होती. चौदाव्या प्रश्नाशी त्या उंच माणसानं परीक्षेतल्या मुलासारखा डावा तळहात कागदावर आडवा धरला आणि काहीतरी लिहिलं. सेलिन हळू आवाजात काही विचारत होती. मग नेझाहत हानमची पाळी आली. तिनं भराभर खुणा केल्या आणि चौदाव्याला ‘नाही’ लिहून पुढे गेली.

परतताना गाडीत सेलिननं सांगितलं. नेझाहत हानमची मोठी बहीण फेरिदे, इझमीरला असायची, पहिल्याच वर्षी त्या आजारानं गेली. इकडे नेझाहत हानमच्या छातीचे टाके ओले होते. भाच्यानं बातमी केमाल बेयना दिली आणि म्हणाला, मावशीला सांगू नका. त्यांनी नाही सांगितलं. फेरिदेला अर्धांगाचा झटका आलाय, बोलता येत नाही, मेसेज तेवढे करते, असं सांगितलं. भाचा फेरिदेच्या फोनवरून दर शुक्रवारी गुलाबांचं चित्र आणि दुआ पाठवायचा. नेझाहत हानम बायपासमधून बरी झाली, पण मग सांगायचं कसं? दीड वर्ष उलटून गेलं होतं.

‘परदेशातल्या माणसाला मरणाची बातमी लगेच द्यायची नाही, आमच्याकडे ही माया असते,’ सेलिन म्हणाली. ‘त्यांनी मला विचारलं, हा कागद तिच्या हाती लागणार नाही ना? मी शब्द दिलाय, मृणाल.’

मी ‘हं’ म्हटलं. पाऊस नव्हता नि ऊनही नव्हतं, नुसता करडा उजेड होता. मोटरवे समोरून तरंगत येत होता. मी आईचा विचार करत होते. कचेरीत पोचले, आणि हे सगळं नुकतंच ऐकलेलं असताना, दोन्ही फॉर्म सवयीनं एकाच पाकिटात घातले, वर घर क्रमांक सात लिहिलं आणि माहिती विभागाच्या टोपलीत टाकलं.

ही चूक माझ्याच हातून होऊ शकत होती, कारण नियम माझाच होता. एका घरातल्या दोघांनी फॉर्म भरले की माहिती विभागानं ते ताडून बघायचे. मतं वेगळी असली तर असू देत. पण घडलेल्या गोष्टीत फरक निघाला, म्हणजे नोकरी गेली की नाही, कोणी वारलं की नाही, तर त्या घरी फोन करून खरं काय ते विचारायचं. मी हा नियम बसवला तेव्हा माझं कौतुक झालं होतं. एका घरात मृत्यू एक तर झालेला असतो किंवा नसतो, असं माझं तेव्हा फार स्वच्छ मत होतं.

मंगळवारी सकाळी शारलीन, माहिती विभागातली, चहाच्या कपासकट माझ्या टेबलाशी आली. ‘किया ओरा, मृणाल. तुझं अवोन्डेलचं कपल, नंबर सात. चौदाव्यात मिसमॅच होता. फोन कोणी उचलला नाही, मी आन्सरफोनवर मेसेज ठेवलाय.’

‘काय मेसेज?’

‘नेहमीचाच. की मृत्यूच्या प्रश्नाला एकानं हो आणि एकानं नाही लिहिलंय, तर प्लीज कॉल बॅक. का? स्वीट ॲज ना? ठीकच आहे ना?’

तिची काही चूक नव्हती. कागदावर माझीच सही असलेला नियम होता.

मी गाडीची चावी घेतली. कोणालाही काही न सांगता कामावरून उठून गेल्याचा माझ्या नोकरीतला तो एकमेव दिवस. त्यांच्या घरच्या बोळातला तो फोन माझ्या डोळ्यांसमोर होता. मेसेज आला की त्याचा लाल दिवा लुकलुकतो. मी शनिवारी सपाता घालताना पाहिला होता. केमाल बेयनी दीड वर्ष जे हाताआड धरलं ते आता त्या दिव्यात लुकलुकत असणार. ती एकटी घरात असेल, बटण दाबेल, आणि एका अनोळखी, हसतमुख आवाजातून तिला कळेल. आणि तिचं ते हृदय. सिग्नलला थांबले की वाटायचं आपण स्वप्नात पळतोय, पाय उचलतायत आणि रस्ता सरत नाही. अवोन्डेलच्या वळणावर डेअरीच्या, म्हणजे कोपऱ्यावरच्या दुकानाच्या, बाहेर दोघं-तिघं जण रबरी चपला घालून आइस्क्रीम खात उभे होते. जगाला काही घाई नव्हती.

दार नेझाहत हानमनं उघडलं. मी सपाता घालायच्या निमित्तानं वाकले आणि फोनकडे पाहिलं. दिवा लुकलुकत नव्हता.

‘केमाल बेय?’ मी विचारलं.

‘बोलिंग क्लबला. जेवायला येईल.’ मग तिनं माझ्याकडे नीट पाहिलं. ‘आत ये. गॅसवर आहे.’

घरभर रवा भाजल्याचा वास होता. तूप आणि रवा. माझे पाय दारातच थांबले. त्या वासानं मी क्षणभर कुठल्या देशात आहे तेच कळेना. आमच्याकडे सत्यनारायणाला, बाळाच्या बारशाला, परीक्षेच्या निकालाला हाच वास असायचा. पातेल्यात बारीक आचेवर लोण्यात रवा आणि चिलगोजे होते. तिनं लाकडी चमचा माझ्या हातात दिला.

‘हलव,’ ती म्हणाली. ‘थांबू नको. लागेल खाली.’

मी हलवू लागले. आणि तोंडात आलं ते बोलू लागले. कचेरीतून चुकून एक निरोप आला असेल, तो दुसऱ्याच कुणासाठी होता, तो ऐकायची गरज नाही. मी इतकं वाईट खोटं आयुष्यात बोलले नसेन. हजारो लोकांची उत्तरं तपासलेली बाई मी, मला माझाच आवाज खोटा ऐकू येत होता.

‘मी ऐकला,’ ती म्हणाली. ‘आणि पुसून टाकला. केमालनं ऐकायला नको.’

चमचा थांबला. तिनं माझा हात धरून पुन्हा फिरवला.

‘हा हलवा आहे,’ ती म्हणाली. ‘माणूस गेलं की आमच्याकडे करतात. घरातले सगळे आळीपाळीनं हलवतात. ज्याच्या हातात चमचा, त्यानं गेलेल्या माणसाची आठवण करायची. भाजल्याचा वास वर जातो. मी पहिला केला तेव्हा लॉकडाऊन होता. केमाल सुपरमार्केटच्या रांगेत. मी एकटीनं हलवला, सगळा वेळ. एकटीनं हलवायचा नसतो.’

‘तुम्हाला कधीपासून माहीत आहे?’

‘दुसऱ्या शुक्रवारपासून.’ ती हसली. ‘गुलाब! फेरिदे गुलाबाच्या चित्रांवर शिव्या द्यायची. फूल पाठवायचं तर वास येणारं पाठव म्हणायची. आणि मेसेजमध्ये काय, माझ्या लाडक्या बहिणी, अल्लाह तुझं भलं करो. मला ती साठ वर्षं गाढव म्हणत आली. माणूस मेल्याशिवाय इतकं सभ्य होत नाही.’

रवा बदामी होत होता. खिडकीबाहेर कपड्यांची दोरी फिरत होती, केमाल बेयचे दोन सदरे वाऱ्यानं फुगून एकमेकांकडे वळत होते.

‘मी नऊ आठवडे अंथरुणात होते,’ ती म्हणाली. ‘त्यानं मला न्हाऊ घातलं. बस चालवणारा माणूस, माझी वेणी घालायला शिकला. आणि दर शुक्रवारी मला फोन दाखवायचा, बघ, फेरिदेचा मेसेज. मी म्हटलं असतं की मला माहीत आहे, तर त्याला वाटलं असतं, आपल्याला एवढंही जमलं नाही. मी गुलाब बघायचे आणि म्हणायचे, किती सुंदर.’

मी रडत होते. विचारणाऱ्यानं रडायचं नसतं. आणि मग मी माझा तो नियम मोडला. सगळ्या नोकरीत पहिल्यांदा, आणि तोही चमचा हातात असताना. माझ्या आईचं एक मी तिला सांगितलं, जे तोवर नवऱ्यालाही सांगितलं नव्हतं. तिनं मान हलवली नाही, पाणी दिलं नाही. गरम दूध-साखर पातेल्यात ओतली, ती चुर्र वाजली, वाफेत तिचा चेहरा दिसेनासा झाला, आणि त्या वाफेतून ती म्हणाली, ‘मग हा दोघींचा.’

केमाल बेय आले तेव्हा आम्ही तिघांनी तो हलवा खाल्ला. ते म्हणाले, ‘ही आजकाल मधूनच हलवा करते, सणवार काही नसताना.’ कौतुकानं म्हणाले. मला येणारी तिसरी गोष्ट मी म्हटली, तुमच्या हातांना आरोग्य लाभो.

मी कचेरीत परत येऊन शारलीनला सांगितलं, घर क्रमांक सातचा फरक तसाच राहू दे. ती म्हणाली, पण खरं काय? मी म्हटलं, दोन्ही. ग्रेगनं मला आत बोलावलं. त्याला मी नावाशिवाय जेवढं सांगता येईल तेवढं सांगितलं आणि माझाच नियम रद्द करायचा अर्ज त्याच्या पुढ्यात ठेवला. तो बराच वेळ पार्किंगकडे बघत राहिला. मग त्यानं सही केली.

तुर्की प्रश्नावलीत मी एक नवा प्रश्न सुचवला: ‘या काळात एखादी वाईट बातमी तुम्हाला उशिरा सांगितली गेली का, किंवा तुम्ही कोणापासून जपून ठेवली का?’ चाचणीत हा प्रश्न आला की शुकूरवाली माणसंसुद्धा थांबायची. न्हाव्याची कात्री थांबली, आणि त्यानं पहिल्यांदा तीन सोडून पाच दिले. पण मूळ प्रश्नावली करणाऱ्यांनी तो घेतला नाही. त्यामुळे इतर भाषांशी तुलना बिघडेल, असं त्यांचं म्हणणं; त्यांच्या जागी मी असते तर मीही तेच म्हटलं असतं. तो प्रश्न परिशिष्टात गेला. परिशिष्टं कोण वाचतं ते मला माहीत आहे. माझ्या कामातली ही एक गोष्ट मला अजून टोचते.

दोन आठवड्यांनी फेरचाचणीला मी पुन्हा त्यांच्याकडे गेले. या वेळी केमाल बेय बायकोच्या शेजारीच बसले होते. ती चौदाव्या प्रश्नाशी आली. तिनं माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही, ‘नाही’ लिहिलं आणि कागद नवऱ्याला दिसेल असा टेबलावर ठेवला. त्यांच्या खांद्यांतला ताण उतरलेला मला दिसला. दोन्ही वेळा तेच उत्तर. आमच्या शास्त्राप्रमाणे अगदी विश्वासार्ह.

मी निवृत्त झाल्यावर, अगदी परवा, नेझाहत हानम अवोन्डेलच्या रविवारच्या बाजारात भेटली. मी मेथी निवडत होते, ती वांगी. मी तिला म्हटलं, आमच्याकडे दिवाळीला अंक निघतात, माझ्या कामाबद्दल लिहायला सांगितलंय, तुमचं लिहू का? ती म्हणाली, ‘कुठल्या भाषेत?’ मी म्हटलं, मराठी. ‘मग लिही,’ ती म्हणाली. ‘केमालला मराठी येत नाही.’ आणि इतकी हसली की वांगीवाला बघायला लागला. जाता जाता मागे वळून म्हणाली, ‘तुझ्या भावाला येते ना?’

त्याला येतेच. शिरीषदादा दिवाळी अंक घेतो आणि पहिल्या पानापासून जाहिरातींसकट शेवटपर्यंत वाचतो. म्हणून हे पुढचं फक्त त्याला.

दादा, मला माहीत होतं. आईला ॲडमिट केलं त्याच संध्याकाळी शेजारच्या जोशीकाकूंनी मला मेसेज केला होता, ‘आईंना आज हॉस्पिटलात नेलं, काळजी करू नकोस.’ तू त्यांना सांगितलं असशील, थोड्या वेळानं त्यांनी तो पुसला. पण माझा वाचून झाला होता. सहा दिवस मी तुला रोज फोन करून विचारलं, आई कशी आहे? तू म्हणालास, झोपलीय. मी म्हटलं, बरं, झोपू दे. मी म्हणायला हवं होतं की मला कळलंय, तिच्या कानाशी कोणाला तरी फोन धरायला सांग. मी नाही म्हटलं. तुझा आवाज कापत होता आणि तू मला जपत होतास, म्हणून मी तुला जपलं. या सगळ्यात आई एकटी राहिली. हे मी त्या दिवशी नेझाहत हानमला सांगितलं.

तू अजूनही रविवारी फोनवर कधी कधी म्हणतोस, झोपेतच गेली गं, आणि मी हो म्हणते. प्रत्येक वेळी तेच उत्तर. आता येत्या रविवारी तसं म्हणू नकोस. ते सहा दिवस कसे गेले ते सांग, सगळे सांग. तू तो हलवा फार वर्षं एकट्यानं हलवतोयस. चमचा आता माझ्याकडे दे.